कुठपर्यंत वाचलंत, आणि कधी?

लांबलचक कल्पनारम्य कादंबरीमालांवरून वाचकांत जी भांडणं होतात, ती आवडीनिवडीची भांडणं असतात असं आपण धरून चालतो. एकाला रुचलं, दुसऱ्याला नाही, विषय संपला. मला हे पटत नाही. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या चहाच्या टपऱ्यांपासून पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांच्या डब्यापर्यंत ही भांडणं मी पुष्कळ ऐकली आहेत, त्यांत तोंडही घातलं आहे. माझं मत असं झालं आहे की त्यातली निम्मी तरी पुस्तकाबद्दल नसतातच. कोणी कोणत्या वयात वाचलं, पुढच्या भागासाठी किती वर्षं ताटकळलं आणि कुठे सोडून दिलं, यावरून ती जुंपलेली असतात. बोलताना मात्र दोन्ही बाजू पुस्तकाच्याच नावाने खडे फोडतात.

उदाहरणासाठी 'व्हील ऑफ टाइम' घेऊ. ती पूर्ण झालेली आहे आणि तिच्यावरची भांडणंही आता चांगली मुरलेली आहेत. रॉबर्ट जॉर्डन या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकी लेखकाचा पहिला भाग १९९० मध्ये निघाला; चौदावा आणि शेवटचा भाग २०१३च्या जानेवारीत आला. मजकूर सुमारे ४४ लाख शब्दांचा. माझ्या पिढीतल्या नाशिककरांकडे ही पुस्तकं आली ती मुंबईहून. रोज जा-ये करणारी मंडळी फोर्टातल्या फुटपाथवरून जाडजूड, पिवळी पडलेली पुस्तकं उचलून आणायची. ज्याच्या हाती तिसरा भाग आधी लागला, त्याने तिसऱ्यापासून सुरुवात केली. पहिला भाग वाचायला मिळेपर्यंत त्यातल्या मारामाऱ्या कोणाकोणात चालल्या आहेत हेच त्याला नीट उमगलेलं नसायचं, आणि तरी तो खूश असायचा.

या मालिकेचा दहावा भाग, २००३ सालचा, बदनाम आहे. नववा भाग २००० साली आला होता आणि तो एका प्रचंड घटनेवर संपला होता. या जगात जादूची शक्ती स्त्रियांची आणि पुरुषांची अशी दुभागलेली आहे. पुरुषांच्या वाट्याची शक्ती विटाळलेली, त्यामुळे ती वापरणारा पुरुष वेडा होतो. नवव्या भागाच्या शेवटी तो विटाळ धुऊन निघतो. दोन वर्षं थांबून वाचकाने दहावा भाग उघडला, तर लेखक काळाने मागे गेलेला. दूरवर ते काहीतरी अचाट घडत होतं तेव्हा बाकीची पात्रं कुठे काय करत होती, हे सांगण्यात पुस्तकाचा मोठा भाग जातो. पात्रं क्षितिजाकडे बघतात, चिंता करतात, चहा पितात. इंग्रजी वाचकांनी आठ ते दहा या भागांना 'स्लॉग' असं नावच पाडलं आहे, चिखल तुडवत जाण्याचा पल्ला.

बँकेत नोकरी करणारा माझा एक मित्र हा भाग सकाळच्या गाडीत वाचत होता. त्याच्या शब्दांत सांगायचं तर, कसारा घाट उतरला तरी कथेत कोणी जागचं हललं नव्हतं. त्याने पुस्तक तिथेच मिटलं, आणि पुढचे चार भाग त्याने आजतागायत वाचलेले नाहीत.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीने हीच मालिका २०२१ नंतर वाचली. टीव्हीवरची मालिका त्या वर्षी सुरू झाली आणि तीन पर्वांनंतर २०२५ मध्ये गुंडाळली गेली; तिच्याबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पण मुलगी तिकडून पुस्तकांकडे वळली आणि मोबाइलवर एकामागून एक चौदाही भाग तिने संपवले. दहाव्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "मामा, त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? एक भाग संथ होता. संपला, पुढचा उघडला."

आता यातलं खरं मत कोणाचं? मित्राचं म्हणणं असं की ही आजची मुलं भराभर पानं उलटतात, त्यांना कंटाळासुद्धा नीट येत नाही. भाचीचं म्हणणं असं की काकांनी एका पुस्तकावर दोन वर्षांच्या अपेक्षा लादल्या. माझ्या मते दोघंही आपापल्या अनुभवाचं वर्णन अगदी बरोबर करत आहेत, फक्त ते पुस्तकाचं वर्णन आहे असं समजून. आणखी एक गंमत. भाचीला दहाव्या भागातला एक प्रसंग सांग म्हटलं तर एकही सांगता आला नाही. मित्राला मात्र कोण कुठल्या तंबूत बसून काय बोलत होतं हे वीस वर्षांनंतर पाठ आहे. थांबून, चडफडत वाचणाऱ्याच्या बाजूने हा एक गुण द्यावाच लागतो.

सगळा दोष वाट पाहण्यावर ढकलता येत नाही हेही खरं. दहावा भाग सलग वाचला तरी मला तो ढिसाळच वाटतो. लेखकाच्या हातून लगाम सुटलेला दिसतो. जॉर्डन यांच्या पुस्तकांचं संपादन त्यांच्या पत्नी हॅरिएट मॅकडूगल करत. घरातल्या घरात अध्यायच्या अध्याय कापणं किती अवघड असेल याची कल्पना करून मी त्यांना दोष देत नाही. आपल्याकडे कीर्तनकाराला ही सोय असते. समोरचे चेहरे पेंगायला लागले की तो आख्यान आवरतं घेतो, एखादा दृष्टान्त गाळतो, टाळकऱ्यांना खूण करून अभंग सुरू करतो. छापलेल्या पुस्तकाला समोरचा चेहरा दिसत नाही.

वाचक मग स्वतःच कापाकापी करतात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही मालिका टीव्हीमुळे आता 'गेम ऑफ थ्रोन्स' म्हणून सगळ्यांना माहीत आहे. तिचा तिसरा भाग २००० साली आला आणि चौथा २००५ मध्ये. कथा इतकी फुगली की लेखकाने ती प्रदेशांनुसार दोन पुस्तकांत विभागली. वाचकांची लाडकी निम्मी पात्रं चौथ्या भागातून गायबच झाली. शेवटी टीप होती की उरलेल्यांची हकिगत पुढच्या वर्षी येईल अशी आशा आहे. ती आली २०११ मध्ये. ज्यांनी हा चौथा भाग २००५ साली विकत घेतला त्यांचा संताप मी समजू शकतो. पण आज तोच भाग मालिकेतला सगळ्यात प्रगल्भ भाग मानणारे वाचक भरपूर भेटतात. त्यातल्या अनेकांनी चौथा आणि पाचवा भाग शेजारी ठेवून, एक प्रकरण याचं, एक त्याचं, असे ओवून वाचले आहेत. तसे क्रम चाहत्यांनी तयारच करून ठेवले आहेत. या सगळ्या वर्षांत पुस्तकातलं एक अक्षर बदललेलं नाही. बदलली ती ते वाचण्याची रीत.

इंटरनेटवर वाचक पुस्तकांना जे तारे देतात, त्यांच्या आकड्यांवर विसंबणाऱ्यांसाठी इथे एक इशारा. 'व्हील ऑफ टाइम'च्या शेवटच्या भागाला वाचकांनी पहिल्यापेक्षा जास्त तारे दिलेले दिसतात. चाहते हे पुरावा म्हणून नाचवतात: बघा, नेटाने वाचा, पुढे किती छान होतं. पण माझा बँकेतला मित्र शेवटच्या भागाला तारे द्यायला उरलाच नव्हता. ज्यांना नाही आवडलं ते चौथ्यात, सातव्यात, दहाव्यात गळाले. शेवटपर्यंत टिकले ते मुळातच प्रेमात पडलेले, आणि प्रेमात नसले तरी इतकी वर्षं घातल्यावर 'वाया गेलं' असं स्वतःशीसुद्धा न म्हणणारे. म्हणून पूर्ण वाचणाऱ्याचं मत मला आपोआप वजनदार वाटत नाही. अर्ध्यावर सोडणाऱ्याला 'तुला बोलायचा अधिकार नाही' असं म्हणण्याची जी पद्धत आहे, ती तर मुळीच मान्य नाही. पाच भाग वाचून सोडणाऱ्याने पाच भागांबद्दल जरूर बोलावं. पाच भाग म्हणजे काही हजार पानं असतात. एरवी दोनशे पानांची कादंबरी वाचून आपण लेखकाच्या सगळ्या प्रतिभेवर निकाल देतो, तेव्हा कोणी अडवत नाही.

काळाचा मुद्दा फक्त भागांमधल्या अंतरापुरता नाही. मावसबहीण, म्हणजे आमची ताई, हिनेही या मालिकेचे पहिले सहा-सात भाग नव्वदच्या दशकात वाचले होते. तिला त्यातलं स्त्रियांचं स्थान विलक्षण वाटलं होतं. जादू सुरक्षितपणे वापरू शकणाऱ्या फक्त बायका, त्यांची स्वतःची संस्था, आणि त्यांच्यापैकी एखादी दरबारात आली की राजेमहाराजे सावरून बसतात. "तोवर मी वाचलेल्या साहसकथांत बाईला पळवून न्यायचं आणि सोडवून आणायचं, एवढंच काम होतं," असं ती सांगते. तिच्या मुलीला याच बायका असह्य होतात. सगळ्या एका साच्यातल्या, सगळ्या पुरुषांना नंदीबैल समजणाऱ्या, नाक फुरफुरवणाऱ्या, आणि त्यातली एक रागावली की दर चार पानांनी स्वतःची वेणी ओढणारी. सामर्थ्य दिलं, पण माणूसपण प्रत्येकीला वेगळं दिलं नाही, अशी तिची तक्रार आहे. मायलेकींचं यावरून एकदा जेवणाच्या ताटावर चांगलंच वाजलं.

मला दोघींचं पटतं, आणि हा गुळमुळीतपणा नाही. १९९२ साली नाशिकमध्ये वाचणाऱ्या मुलीपुढे तुलनेला जी पुस्तकं होती, त्यांच्या शेजारी ही मालिका ठेवली तर ताई बरोबर आहे. आज भाचीपुढे जी पुस्तकं आहेत, त्यांच्या शेजारी ठेवली तर भाची बरोबर आहे. चुकतात त्या एकमेकींबद्दल: ताईला वाटतं मुलगी कृतघ्न आहे, मुलीला वाटतं आई भाबडी होती.

नाशिकच्या वाचकाचा असा एक खास प्रतिसादही मी पाहिला आहे, तो अमेरिकी वाचकांत सापडणार नाही. काळ चक्राकार आहे, युगं जातात आणि परत येतात, वीर पुन्हा जन्म घेतात, ही या मालिकेची पायाभूत कल्पना. पाश्चात्त्य वाचकाला ती भव्य आणि अनोखी वाटते. पंचवटीत वाढलेला माणूस म्हणतो, बरं, पुढे? सीतागुंफेच्या रांगेत उभं राहून, लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ते इथेच, हे ऐकत लहानपण गेलेल्याला अवतार आणि युगचक्र यांत चमत्कार तो काय वाटणार. त्याला उत्सुकता असते ती त्या जगातल्या दरबारी राजकारणाची, चलनाची, भाकरीच्या भावाची.

मग येतो शेवटाचा प्रश्न, आणि तिथे भांडण सगळ्यात कडवट होतं. जॉर्डन यांनी २००६ मध्ये आपला हृदयविकार जाहीर केला आणि १६ सप्टेंबर २००७ रोजी ते वारले. अकरा भाग झालेले होते. त्यांच्या पत्नीने ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली. टिपणं, सांगून लिहवून घेतलेले तुकडे आणि बऱ्याच अंशी लिहून ठेवलेला शेवट त्याच्या हवाली केला. एका भागात संपायची होती ती कथा २००९, २०१० आणि २०१३ अशा तीन भागांत संपली. एक गट म्हणतो, या माणसाने मालिका वाचवली, तिला पुन्हा वेग दिला. दुसरा म्हणतो, मॅट हे सगळ्यांचं आवडतं पात्र बाराव्या भागात भलत्याच आवाजात बोलायला लागलं. मॅट आपल्याला सुरुवातीला नीट साधला नाही हे सँडरसन यांनी स्वतःच मान्य केलं आहे, त्यामुळे दुसऱ्या गटाला हवेत तलवार फिरवल्याचं पाप लागत नाही.

दुसऱ्याने पूर्ण करावं की नाही, या वादात आपल्या परंपरेचा दाखला दोन्ही बाजूंनी देता येतो, आणि तोही एकाच माणसाचा. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावून ठेवलं:

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

अमृताच्या ताटात करवंटी ठेवू नका. इतका स्पष्ट नकार दुसरा मिळायचा नाही. आणि याच एकनाथांचं भावार्थ रामायण अपुरं राहिलं तेव्हा युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापुढचं काम त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने केलं असं परंपरा सांगते. गावबाची भाषा नाथांची आहे का, यावर अभ्यासकांनी खुशाल बोलावं. पण पोथी ऐकायला बसलेल्यांना रावणवध हवा असतो, आणि चव्वेचाळिसाव्या अध्यायाला पोथी बांधून कोणी उठलेलं मी पाहिलं नाही. मला वाटतं दोन्हींत विरोध नाही. पूर्ण झालेल्या ग्रंथात घुसणं वेगळं, आणि वाटेत थांबलेली कथा, ज्याची होती त्याच्याच माणसांच्या इच्छेने, पलीकडे नेणं वेगळं. सँडरसन यांनी दुसरं काम केलं. मॅटचा आवाज चुकला तरी माझं मत त्यांच्या बाजूने आहे.

मार्टिन यांचं मात्र काय करायचं? २०११ ला पाचवा भाग आला. त्यानंतर नाशिकला २०१५चा सिंहस्थ होऊन गेला, आता पुढच्याची तयारी चालली आहे, पण सहाव्या भागाचा पत्ता नाही. टीव्हीवरची कथा २०१९ मध्ये संपूनही गेली, आणि तो शेवट बहुतेकांना आवडला नाही. यावरून वाचकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, लेखक काय तुमचा नोकर आहे? दुसरा म्हणतो, आम्ही पैसे मोजले, वेळ घातला, आता शेवट देणं त्याचं कर्तव्य आहे.

पहिल्या तटाचं म्हणणं कायद्याने बरोबर आणि माणुसकीने कोरडं आहे. मी पाच पुस्तकं विकत घेतली, पाच पुस्तकं मला मिळाली, व्यवहार पुरा झाला, हे खरं. पण पहिल्या भागाच्या मुखपृष्ठावर मालिकेचं नाव छापणं म्हणजे पुढे येण्याचं आमंत्रण असतं, आणि वाचक त्या भरवशावर पानोपानी नावं, वंशावळी, शपथा, भाकितं लक्षात ठेवण्याचं काम करत असतो. ते काम मोडीत निघालं तर त्याला वाईट वाटणारच; त्या वाईट वाटण्याला हावरटपणा म्हणू नये. त्याचबरोबर, त्या दुःखाच्या जोरावर म्हाताऱ्या लेखकाच्या वयाचा आणि तब्येतीचा हिशेब मांडत बसणारे जे वाचक आहेत, त्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' १८९० मध्ये सुरू केलं आणि त्यातून आठवड्याला प्रकरण-प्रकरण करत कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. मराठी वाचक चुकचुकला असेल, पण त्या अपुऱ्यांमुळे त्याने पुऱ्या झालेल्यांना कमी लेखलं नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. मालिकेवर मत मांडताना आधी सांगा: कुठपर्यंत वाचलंत, कोणत्या साली, सलग की थांबून थांबून. यावर आक्षेप येतो की मग सगळंच सापेक्ष झालं, चांगलं-वाईट उरलंच नाही. उरतं. ताई आणि भाची, मित्र आणि मी, चौघांनीही आपापली वाचनकुंडली मांडल्यावर ज्या गोष्टींवर एकमत होतं त्या पुस्तकाच्या असण्याचा संभव जास्त. आमचं चौघांचं एकमत होतं ते 'व्हील ऑफ टाइम'च्या चौथ्या भागावर: तो उत्तम आहे. ते मत मी बिनदिक्कत कोणाच्याही हवाली करीन.

या सगळ्याला एक सार्वजनिक बाजू आहे, आणि ती वाचनालयांची. ज्या शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे, जिथे २०२१च्या डिसेंबरात झालेल्या ९४व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर होते (प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत, ही वेगळी रुखरुख), त्या शहरात विज्ञानकथेला मान मिळाला म्हणायला हरकत नाही. कल्पनारम्य मालिकांच्या वाट्याला मात्र अजून 'राक्षस-परीच्या गोष्टी' हा शेराच येतो. त्याचा परिणाम खरेदीवर होतो. एका वाचनालयाच्या कपाटात मी अशा पाच मालिका पाहिल्या आणि त्यातली एकही पूर्ण नव्हती: इथे पहिला आणि चौथा, तिथे फक्त दुसरा. अशा कपाटातून वाचणाऱ्या मुलाने ही पुस्तकं विस्कळीत असतात असं मत दिलं, तर ते मत पुस्तकाचं की कपाटाचं?

पैशांची अडचण खरी आहे. चौदा जाड पुस्तकं घ्यायची तर त्यांत मराठीतल्या किती कादंबऱ्या येतील, हा प्रश्न ग्रंथपालाने विचारायलाच हवा. पण आज पाच मालिकांचे सुटे भाग घेण्यात जेवढे पैसे जातात, तेवढ्यात एक मालिका अखेरपर्यंत घेता येईल. कोणती, हे सभासदांना बोलावून ठरवावं. आणि त्या बैठकीला मालिका अर्ध्यावर टाकलेल्यांना आवर्जून बोलवावं. कोणता भाग कपाटात वर्षानुवर्षं धूळ खात पडेल याचा अंदाज त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला नसतो.